मार्गदर्शक तत्त्वं वाचताना आणि वापरताना या चुका टाळा

घटनेचा चौथा भाग, आर्टिकल 36 ते 51, म्हणजे सरकारने कारभार कसा करावा हे सांगणारी मार्गदर्शक तत्त्वं, यावर एमपीएससीच्या पोरांपासून सोसायटीच्या ग्रुपवरच्या काकांपर्यंत सगळेच ठासून बोलतात, पण बहुतेकांनी आर्टिकल 37 अर्धंच वाचलेलं असतं. 'कोर्टाकडून अंमलबजावणी करून घेता येत नाही' एवढं पाठ झालं की पुस्तक बंद. अरे, त्याच वाक्यात पुढे लिहिलंय की ही तत्त्वं देशाच्या कारभारात मूलभूत आहेत आणि कायदे करताना ती लागू करणं हे राज्याचं, म्हणजे सरकारचं, कर्तव्य आहे. संविधान सभेत के. टी. शाह यांनी याला बँकेला जमेल तेव्हा वटणारा चेक म्हटलं होतं, टीका काही चुकीची नव्हती, पण बाबासाहेबांनी नोव्हेंबर 1948 मध्येच सांगून ठेवलं होतं की कोर्टात नाही तरी निवडणुकीत मतदारांपुढे सरकारला उत्तर द्यावंच लागेल. आता आपण मत मागायला आलेल्यांना 39(क) बद्दल, म्हणजे संपत्ती मूठभरांकडे साचू नये याबद्दल, कधी विचारलंय का ते सोडा.

उलटी चूक पण तितकीच कॉमन. गावात दारूचं दुकान आलं की अर्जात लिहितात 'आर्टिकल 47 नुसार दुकान बंद करावे' आणि मग वाट बघत बसतात. 47 म्हणजे दारूबंदीचं तत्त्व, पण नुसत्या त्यावर काही हलत नाही, त्या विषयावरचा कायदा आणि नियम धरावे लागतात. महाराष्ट्रात त्याची सोय आहे ना, गावातल्या 25 टक्के महिला मतदारांनी सह्या करून मागणी केली की गुप्त मतदान होतं, चिठ्ठीवर उभी बाटली आणि आडवी बाटली, आडवीवर शिक्का म्हणजे दुकान बंद. आणि इथेच गावं हरतात, कारण झालेल्या मतदानाच्या निम्मी नाही, एकूण महिला मतदारांच्या निम्म्याहून जास्त मतं लागतात, म्हणजे त्या दिवशी जी बाई घरी बसली तिचं मत धरून चाला की उभ्या बाटलीलाच गेलं. अर्जात 47 चा उल्लेख करा, शोभतो, पण जोर सह्यांवर आणि बायका मतदानाला बाहेर काढण्यावर द्या.

39अ चं पण तसंच. मोफत कायदेशीर मदत हे 'फक्त तत्त्व आहे' म्हणून लोक सोडून देतात, पण त्यावर 1987 चा विधी सेवा प्राधिकरण कायदा आहे आणि जिल्हा कोर्टात त्याचं ऑफिस असतं. महिला, अनुसूचित जाती-जमातीचे लोक, कोठडीतले आरोपी, यांना उत्पन्नाची अट नाही! हे माहीत नसल्यामुळे किती बायका वकिलाच्या फीसाठी दागिने गहाण टाकतात.

जुनी गाईडं वापरू नका. आर्टिकल 45 मध्ये अजूनही '14 वर्षांपर्यंत मोफत सक्तीचं शिक्षण' लिहिणारे भेटतात. 2002 च्या 86 व्या दुरुस्तीनंतर 6 ते 14 चं शिक्षण 21अ मध्ये मूलभूत हक्क झालं आणि 45 मध्ये राहिलं ते सहा वर्षांपर्यंतच्या मुलांचं संगोपन आणि शिक्षण. तसंच सहकाराच्या 97 व्या दुरुस्तीचं, 2021 मध्ये सुप्रीम कोर्टाने सहकारी संस्थांबद्दलचा भाग नऊ-ब राज्यातल्या संस्थांपुरता उडवला, 43ब (सहकारी संस्थांना प्रोत्साहन देण्याचं तत्त्व) नाही, ते जागेवर आहे.

समान नागरी कायद्याच्या भांडणात 'गोव्याने आर्टिकल 44 (समान नागरी कायद्याचं तत्त्व) लागू केलं' हे वाक्य हमखास येतं. गोव्यातली संहिता पोर्तुगीजांची, 1867 ची, 1961 ला गोवा मुक्त झाल्यावर ती चालू ठेवली गेली, 44 चा त्यात काही हात नाही. समर्थन करा नाहीतर विरोध, पण हे उदाहरण नीट वापरा. आणि 44 तोंडपाठ असणाऱ्यांना 38(2) विचारलं तर बहुधा शांतता, जिथे विषमता कमी करायला सांगितलंय (1978 ची 44 वी दुरुस्ती, हा 44 चा घोळ पण परीक्षेत होतो बरं का).

सगळ्यात किचकट जागा 31क, म्हणजे काही तत्त्वांसाठी केलेल्या कायद्यांना मूलभूत हक्कांच्या आव्हानापासून संरक्षण देणारं आर्टिकल. 'मार्गदर्शक तत्त्वांसाठी मूलभूत हक्क बाजूला ठेवता येतात' असं सरसकट लिहू नका. 42 व्या दुरुस्तीने तसा प्रयत्न केला होता, मिनर्व्हा मिल्सच्या खटल्यात सुप्रीम कोर्टात 1980 ला तो मोडीत निघाला. संरक्षण उरलं ते फक्त 39(ब) (समाजाची भौतिक साधनसंपत्ती सगळ्यांच्या हितासाठी वाटली जावी) आणि (क) साठी केलेल्या कायद्यांना, आणि ते पण कोर्टाच्या तपासणीच्या बाहेर नाहीत. मुंबईच्या जुन्या उपकरप्राप्त (दुरुस्तीसाठी उपकर भरणाऱ्या) इमारतींबद्दलच्या म्हाडा कायद्यावरून हीच लढाई सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायाधीशांपुढे गेली आणि नोव्हेंबर 2024 मध्ये बहुमताने ठरलं की प्रत्येक खाजगी मालमत्ता ही आपोआप 'समाजाची भौतिक साधनसंपत्ती' होत नाही. काही खाजगी मालमत्ता त्यात येऊ शकते हेही तिथेच म्हटलंय, पण हेडलाईन वाचून उत्तर लिहिणारे नेमकं तेच गाळतात.