वापरलेली रेसिंग एस्टीम घरच्या घरी उभी करताना

शर्यतीतून बाजूला काढलेली मारुती एस्टीम विकत घेणारा माणूस बहुधा पहिल्याच दिवशी बॉनेट उघडतो, आणि तिथेच कामाचा क्रम उलटा होतो. इंजिन हा या गाडीचा सर्वांत सहज बदलता येणारा भाग आहे. वाकलेला सांगाडा, पाण्याच्या पाइपातून बनवलेली केज (चालकाभोवतीचा संरक्षक पिंजरा) किंवा मुदत उलटून गेलेले सीटबेल्ट मात्र गाडीच्या वेगाशी नव्हे, तर चालकाच्या जिवाशी संबंधित असतात. म्हणून आधी सांगाडा आणि सुरक्षेची साधने, मग ब्रेक, त्यानंतर सस्पेन्शन आणि चाकांची मापे, पुढे इंधन व वायरिंग आणि सर्वांत शेवटी इंजिन, असा क्रम ठेवावा. पैसे मध्येच संपले तरी या क्रमाने काम केलेली गाडी निदान सरळ चालते आणि थांबते.

एस्टीमचे उदाहरण घेण्याला कारण आहे. 1994 ते 2007 या काळात विकली गेलेली ही 1298 सीसीची गाडी वजनाने हलकी आहे. चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईच्या ट्रॅकवर आणि कोइमतूरच्या कारी स्पीडवेवर ती वर्षानुवर्षे धावत आली आहे. तिचे बरेचसे सुटे भाग कुर्ल्याच्या जुन्या मालाच्या बाजारात आजही शोधले तर सापडतात. इतर गाड्यांनाही पुढचे बहुतेक सगळे लागू पडते.

कागदपत्रांबाबत सुरुवातीलाच स्पष्टता हवी. मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 52 नुसार नोंदणीच्या वेळचा गाडीचा मूळ तपशील बदलेल असा फेरफार करून ती रस्त्यावर चालवता येत नाही. त्यामुळे आतला सगळा साज काढून केज बसवलेली गाडी एमएच-04 ची असो वा एमएच-43 ची, तिला घोडबंदर रोडवर ‘एक चक्कर’ मारायला नेणे हा विचारच सोडून द्यावा. गाडी नेहमी फ्लॅटबेडवरूनच न्यावी आणि त्याचे भाडे पहिल्याच हिशेबात धरावे. चासी नंबर मात्र आरसी बुकाशी, आरसी रद्द झाली असल्यास त्या पत्राशी, स्वतः जुळवून पाहावा. नंबरच्या पत्र्याभोवती वेल्डिंगच्या खुणा दिसल्या तर व्यवहार तिथेच थांबवावा.

जागेचा प्रश्न ठाणे आणि नवी मुंबईत सर्वांत कठीण आहे. सोसायटीच्या स्टिल्ट पार्किंगमध्ये पाने फिरवण्याचे, मोजमापाचे, ब्रेक आणि बुश बदलण्याचे काम शेजाऱ्यांना त्रास न देता करता येते. वेल्डिंग, ग्राइंडिंग आणि रंगकाम तिथे मुळीच करू नये, कारण आजूबाजूला पेट्रोलने भरलेल्या वीस-तीस गाड्या उभ्या असतात. तेवढ्या कामापुरती वागळे इस्टेट, रबाळे किंवा तुर्भे भागातल्या एखाद्या फॅब्रिकेशनच्या गाळ्यात गाडी न्यावी. पत्र्याचे काम दसऱ्यानंतर सुरू करून मे महिन्याच्या आत संपवावे, हेही महत्त्वाचे. ऐरोली, वाशी, कळवा हा सगळा खाडीकाठ असल्याने घासून उघडा केलेला पत्रा इथल्या दमट हवेत एका रात्रीत तांबूस होतो. ज्या दिवशी पत्रा घासला, त्याच दिवशी त्यावर प्राइमर चढला पाहिजे.

आता सांगाडा. गाडी चार भक्कम घोड्यांवर (जॅक स्टँडवर) घ्यावी आणि नुसत्या जॅकच्या भरवशावर तिच्याखाली कधीही जाऊ नये. लोअर आर्मचे बोल्ट, मागच्या आर्मचे बोल्ट आणि सबफ्रेमची भोके असे डाव्या-उजव्या बाजूंचे जोडीचे बिंदू निवडावेत, प्रत्येक बिंदूपासून गवंड्याचा ओळंबा जमिनीपर्यंत सोडावा आणि तो जिथे टेकतो तिथे खडूने फुली मारावी. मग गाडी बाजूला घेऊन जमिनीवरच्या फुल्यांमधले कर्ण टेपने मोजावेत. पुढच्या डाव्या बिंदूपासून मागच्या उजव्यापर्यंतचे आणि त्याच्या उलट बाजूचे अंतर यांत 5 मिलिमीटरपेक्षा जास्त फरक आला, तर गाडी कधीतरी जोरात आदळली आहे असे समजावे आणि ती बेंचवर ओढून सरळ करण्याचा खर्च विक्रेत्याच्या किमतीतून वजा करावा. चाकांचे अलाइनमेंट कितीही काळजीपूर्वक केले तरी वाकलेला सांगाडा त्याने सरळ होत नाही.

गंज शोधण्यासाठी कागदात गुंडाळलेला लोहचुंबक आणि बोथट स्क्रू ड्रायव्हर एवढेच पुरते. चुंबक जिथे ढिला पडतो तिथे रंगाखाली लांबी (पुट्टी) भरलेली असते. पुढच्या शॉक अॅब्सॉर्बरचे टॉवर, दाराखालचे सिल, जॅक लावण्याच्या जागा आणि चालकाच्या पायाखालचा पत्रा इथे स्क्रू ड्रायव्हरने ठोकत जावे. घट्ट पत्रा टणक वाजतो, कुजलेल्या पत्र्याचा आवाज बसका येतो आणि टोक आत रुतते. टॉवरच्या माथ्यावर, नट जिथे बसतात त्याभोवती, रंगाला केसासारख्या बारीक चिरा दिसल्या तर तो गंज नसून धातू थकल्याची खूण असते. तिथे वरून पट्टी मारून भागत नाही. चीर पूर्ण कापून, नवा पत्रा घालूनच ती जागा दुरुस्त करावी. वेल्डिंगपूर्वी बॅटरी सोडवावी आणि इंजिनचा ईसीयू (नियंत्रण करणारा संगणक) असल्यास तो गाडीतून काढून ठेवावा.

केजच्या बाबतीत कोणतीही तडजोड मला मान्य नाही. एफआयएच्या (आंतरराष्ट्रीय मोटर महासंघाच्या) नियमांत मुख्य कमानीसाठी 45 मिलिमीटर व्यासाचा आणि 2.5 मिलिमीटर जाडीचा, किंवा 50 मिलिमीटर व्यासाचा आणि 2 मिलिमीटर जाडीचा, कोल्ड ड्रॉन सीमलेस स्टीलचा पाइप सांगितला आहे. जुन्या गाड्यांत, विशेषतः हौसेने बनवलेल्या, त्याच्या जागी कधी कधी साधा जीआय, म्हणजे पाण्याचा, पाइप सापडतो. व्यास जुळतो, वर काळा रंग असतो, त्यामुळे बाहेरून काही कळत नाही. एखादे उघडे टोक मिळाले तर आत बोट फिरवून पाहावे: लांबीभर उंचवटा लागला तर तो जोडाचा पाइप आहे, सीमलेस नव्हे. टोक उघडे नसेल, तर अल्ट्रासॉनिक गेज असलेल्या तपासनीसाकडून पाइपाची जाडी मोजून घ्यावी. कमानीचा पाय ज्या पट्टीवर बसतो ती किमान 3 मिलिमीटर जाडीची आणि 120 चौरस सेंटिमीटर क्षेत्रफळाची असून सांगाड्याला वेल्ड केलेली असली पाहिजे. वेल्डिंग पाइपाच्या पूर्ण घेराभोवती गेले आहे का, हे पाहण्यासाठी छताच्या बाजूला आरसा धरावा, कारण हात पोहोचत नाही म्हणून अर्धवट सोडलेले वेल्ड नेमके तिथेच असतात. केज चुकीची निघाली तर तिला जोडकाम न करता ती संपूर्ण काढावी आणि हे काम करणाऱ्या अनुभवी माणसाकडूनच नवी बसवून घ्यावी.

हार्नेसवरचे, म्हणजे शर्यतीच्या सीटबेल्टवरचे, लेबल वाचावे. एफआयए प्रमाणित पट्ट्यांना मुदत असते आणि ती लेबलवरच छापलेली असते. मुदत संपलेले, उन्हाने पांढुरके पडलेले किंवा एकदा अपघातात ताणले गेलेले पट्टे कितीही चांगले दिसले तरी कापून टाकावेत, म्हणजे ते पुन्हा कोणी वापरणार नाही. खांद्याचे पट्टे सीटच्या पाठीवरून मागे जाताना आडव्या रेषेपासून 45 अंशांपेक्षा जास्त खाली उतरता कामा नयेत, आणि शक्यतो 10 अंशांच्या आत असावेत. मागच्या सीटच्या जुन्या बेल्टच्या बोल्टला ते जमिनीलगत बांधलेले असतील, तर धडकेत चालकाचा कणा खाली दाबला जातो. सीट आणि हार्नेस कधीही जुन्या बाजारातून घेऊ नयेत. सगळी वीज तोडणारा मास्टर स्विच तपासताना इंजिन चालू ठेवून तो फिरवावा. बॅटरी तुटूनही अल्टरनेटरच्या विजेवर इंजिन चालूच राहिले, तर स्विचची जोडणी चुकली आहे. तो फिरवताच इंजिन बंद पडले पाहिजे.

ब्रेककडे वळताना आपल्याकडच्या एका सवयीबद्दल आग्रहाने सांगावेसे वाटते. कॅलिपर उघडला की तो डिझेलने किंवा रॉकेलने धुवायचा, ही पद्धत अनेक गॅरेजांत आहे आणि ती घातक आहे. ब्रेकचे रबरी सील खनिज तेलाने फुगतात, पिस्टन अडकतो आणि डिस्क तापत राहते. कॅलिपर व व्हील सिलिंडर फक्त ब्रेक क्लीनरने धुवावेत, सील नवेच घालावेत आणि बसवताना त्यांना स्वच्छ ब्रेक ऑइल लावावे. पिस्टनवर नखाला जाणवतील असे खड्डे असतील तर पिस्टनही बदलावा. डिस्कची किमान जाडी बहुतेक वेळा तिच्यावरच कोरलेली असते; व्हर्नियरने तीन-चार ठिकाणी मोजून खात्री करावी. ब्रेक ऑइल हवेतली आर्द्रता शोषते. डॉट 4 चा उत्कलनबिंदू नव्या अवस्थेत किमान 230 अंश सेल्सिअस असतो, तर पाणी मुरल्यावर त्याची हमी 155 अंशांपर्यंत उतरते. शर्यतीच्या ब्रेकिंगमध्ये हे तापमान सहज गाठले जाते आणि पेडल जमिनीला टेकते. आपल्या हवेत म्हणूनच पावसाळा काढलेले ऑइल शर्यतीला वापरू नये, आणि अर्धा रिकामा डबा पुढच्या वर्षासाठी जपून ठेवू नये.

सस्पेन्शनमधली ढिलाई हाताने कळते. चाक उचलून ते वर आणि खाली धरून हलवावे; खेळ जाणवला तर बेअरिंग किंवा बॉल जॉइंट गेला आहे. डावीकडे आणि उजवीकडे धरून खेळ जाणवला तर बहुधा टाय रॉड एंड जबाबदार असतो. लोअर आर्मचे बुश, वरचे माउंट आणि बॉल जॉइंट एकदमच नवे घालावेत, एकेक करून नव्हे, कारण एक जुना बुश बाकी सगळ्या मापांना खोटे ठरवतो. बोल्ट बदलताना डोक्यावर 8.8 किंवा 10.9 अशी मजबुतीची खूण असलेलेच घ्यावेत. नागदेवी स्ट्रीटवर ते खात्रीच्या दुकानांत सुटे मिळतात. प्रत्येक बोल्ट टॉर्क पान्याने आवळून त्यावर आणि शेजारच्या धातूवर मिळून रंगाची एक सरळ रेघ ओढावी. बोल्ट सैल झाला की रेघ तुटलेली दिसते.

घरच्या मापांना सपाट जागा लागते, आणि पार्किंगच्या जमिनीला पाणी वाहून जाण्यासाठी उतार दिलेला असतो. गवंडी वापरतात ती पाण्याची पारदर्शक नळी घेऊन चारही चाकांच्या जागांची पातळी पाहावी आणि जिथे जमीन खाली आहे तिथे उरलेल्या फरशा ठेवून ती जुळवावी. पुढच्या चाकांखाली दोन-दोन फरशा, गुळगुळीत बाजू समोरासमोर आणि मध्ये ग्रीस, अशा ठेवल्या की चाक सहज फिरते. मग गाडीच्या दोन्ही बाजूंना, मधल्या रेषेला समांतर, स्टँडवर दोरी ताणून रिमच्या पुढच्या व मागच्या कडेपासून दोरीपर्यंतचे अंतर पोलादी पट्टीने मोजावे. 350 मिलिमीटर अंतरावर 1 मिलिमीटरचा फरक म्हणजे सुमारे 0.16 अंशाचा टो (चाकाचा आत किंवा बाहेर वळलेला कोन) होतो. कॅम्बरसाठी, म्हणजे उभ्या रेषेपासून चाकाचा कल मोजण्यासाठी, रिमलगत ओळंबा सोडावा. त्याच अंतरावर सुमारे 6 मिलिमीटर म्हणजे 1 अंश.

वजनाच्या वाटणीसाठी महागड्या काट्यांची गरज नाही. एक भक्कम लोखंडी चॅनेल घ्यावा, त्याचे एक टोक ठोकळ्यावर आणि दुसरे वजनकाट्यावर ठेवावे, आणि ठोकळ्यापासून एक-तृतीयांश अंतरावर चाक टेकवावे. काट्यावर चाकाच्या वजनाचा तिसरा हिस्सा दिसतो. त्यातून चॅनेलचे निम्मे वजन आधी वजा करावे. बाकीची तीन चाके चॅनेलच्या उंचीइतकीच उचललेली असावीत आणि चालक, किंवा त्याच्या वजनाची पोती, सीटवर असावीत. पुढचे उजवे आणि मागचे डावे चाक मिळून एकूण वजनाच्या 50 टक्क्यांच्या जवळ यायला हवे. इथे एक सावधगिरी: इंटरनेटवरचे बरेच मार्गदर्शन अमेरिकेतल्या लंबवर्तुळाकार ट्रॅकच्या गाड्यांचे असते. त्या गाड्या फक्त डावीकडे वळतात, म्हणून त्यांचे वजन मुद्दाम डाव्या बाजूला सरकवतात, कर्णातली वाटणी असमान ठेवतात आणि मागच्या उजव्या टायरचा घेर डाव्यापेक्षा मोठा घेतात. आपल्या ट्रॅकवर गाडीला दोन्हीकडे वळावे लागते. ती मापे जशीच्या तशी उचलली तर गाडी एका वळणात शहाण्यासारखी वागेल आणि दुसऱ्यात भरकटेल.

इंधनाच्या नळ्या डोळे मिटून नव्या घालाव्यात. आता पंपावर 20 टक्के इथेनॉलचे पेट्रोल मिळते आणि जुन्या एस्टीमचे रबर त्यासाठी बनवलेले नाही. इथेनॉल पाणी शोषते, त्यामुळे पावसाळ्यात उभ्या राहणाऱ्या गाडीची टाकी रिकामी ठेवावी. वायरिंगमध्ये चिकटपट्टीचे सगळे जोड कापून क्रिंप आणि हीट श्रिंकने नवे करावेत.

मग इंजिन. जुने ऑइल स्वच्छ भांड्यात काढून त्याचा फिल्टर पत्रा कापण्याच्या कात्रीने उघडावा. हॅक्सॉने कापल्यास पात्याचाच भुगा आत जातो आणि आपली फसगत होते. आतला कागद उन्हात पसरला असता तांबूस किंवा रुपेरी चकाकी दिसली तर बेअरिंग झिजत आहे. ऑइलला दुधाळ रंग असेल तर हेड गॅस्केट पाहावे. कॉम्प्रेशन गरम इंजिनवर, चारही प्लग काढून, इंधन बंद करून आणि थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवून मोजावे. दर चौरस सेंटिमीटरला 12 ते 14 किलोच्या दरम्यान आकडे आले आणि चार सिलिंडरांत 1 किलोहून अधिक फरक नसला, तर इंजिन उघडू नये. एखाद्यात कमी आल्यास त्यात चमचाभर ऑइल घालून पुन्हा मोजावे: आकडा वाढला तर दोष पिस्टनच्या रिंगचा, न वाढला तर व्हॉल्व्हचा. टायमिंग बेल्ट आणि टेन्शनर यांचा इतिहास माहीत नसतो, म्हणून ते बदललेच पाहिजेत.

ट्रॅकवर नेण्यापूर्वी एफएमएससीआयचे (भारतातल्या मोटर शर्यतींच्या महासंघाचे) त्या वर्षाचे नियम हाती घेऊन गाडी कलमागणिक तपासावी. पहिल्या सरावात तीन-चार फेऱ्या मध्यम वेगाने मारून पिटमध्ये यावे, चाकांचे नट पुन्हा टॉर्कवर पाहावेत, डाव्या-उजव्या बाजूंचे ब्रेक एकसारखे तापले आहेत का ते बघावे, आणि गाडीखाली टॉर्च घेऊन बोल्टांवरच्या रंगाच्या रेघा एकेक करून तपासाव्यात.