होम थिएटरची पातळी आणि क्रॉसओव्हर जुळवताना या चुका टाळा

ठाण्यातील ओळखीच्यांच्या घरी होम थिएटर जुळवून देताना मला एक सवय जवळजवळ प्रत्येक ठिकाणी दिसते: आवाजात काही उणे वाटले की सबवूफरची, म्हणजे खर्ज वाजवणाऱ्या स्पीकरची, पातळी वाढवायची. खर्ज विरळ वाटला तरी तेच, स्फोटाला जोर वाटला नाही तरी तेच. खरे तर पातळी हे जुळवणीचे शेवटचे काम आहे. जागा आणि क्रॉसओव्हर (ज्या वारंवारतेखालचा आवाज मुख्य स्पीकरऐवजी सबवूफरकडे जातो ती सीमा) ठरलेले नसताना पातळी वाढवली, तर आधीचा दोष अधिक मोठ्याने ऐकू येतो.

या सवयीचे सर्वांत ठळक उदाहरण घोडबंदर रोडवरील एका संकुलात पाहायला मिळाले. हॉल सोळा फूट लांब होता, सबवूफर टीव्हीच्या भिंतीलगत कोपऱ्यात होता आणि मागे जेवणाचे टेबल असल्यामुळे सोफा लांबीच्या बरोबर मध्यावर आला होता. सोफ्यावर खर्ज ऐकू येत नव्हता, म्हणून घरातल्या तरुणाने रिसीव्हरमध्ये (सर्व स्पीकरना आवाज पुरवणाऱ्या यंत्रात) सबवूफरची पातळी अधिक ९ डेसिबलपर्यंत नेली होती. खालच्या मजल्यावरून तक्रारी सुरू झाल्या होत्या, तरीही त्याने मला विचारले, “काका, अजून दोन-तीन डीबी वाढवून बघू या का?” मी ३५ हर्ट्झचा सूर लावला आणि त्याला खोलीभर चालायला सांगितले. स्वयंपाकघराच्या दाराशी भांडी थरथरत होती आणि सोफ्यावर मात्र जवळजवळ काहीच ऐकू येत नव्हते. ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४३ मीटर असतो. त्यामुळे ४.९ मीटर लांबीच्या खोलीत ३५ हर्ट्झच्या सुमारास लाट दोन भिंतींमध्ये उभी राहते आणि तिचा दाब नेमका मध्यावर सर्वांत कमी होतो. तिथे भिंतींवरून परतणाऱ्या लाटा एकमेकींना रद्द करत असल्याने सबवूफरची ताकद कितीही वाढवली तरी ती पोकळी भरत नाही. वाढलेला आवाज उरलेल्या खोलीत आणि स्लॅबमधून खाली जातो. आम्ही टेबल हलवून सोफा दोन फूट मागे घेतला, पातळी शून्यावर आणली आणि नव्याने कॅलिब्रेशन, म्हणजे रिसीव्हरच्या माइकने आवाज मोजून केलेली जुळवणी, केले. खर्ज परत आला.

त्याच घरात माझ्या मते सर्वांत जास्त आढळणारी दुसरी चूकही होती: दुहेरी क्रॉसओव्हर. रिसीव्हरमध्ये ८० हर्ट्झ ठरवलेले असताना सबवूफरच्या मागचा क्रॉसओव्हरचा नॉब ६० वर होता. सिग्नल दोन फिल्टरांतून गेल्यामुळे सबवूफर आणि मुख्य स्पीकर जिथे एकमेकांना भेटायला हवेत तिथेच खड्डा पडतो. शिवाय चित्रपटातील एलएफई ट्रॅक (खोल आवाजांसाठीचा वेगळा ट्रॅक) १२० हर्ट्झपर्यंत जातो, त्याचा वरचा भाग विनाकारण कापला जातो. सबवूफरला एलएफई इनपुट असेल तर तोच वापरावा, नसेल तर नॉब पूर्ण वर न्यावा आणि क्रॉसओव्हरचा निर्णय रिसीव्हरवर सोपवावा. रिसीव्हरमधील एलएफईचा लो-पास फिल्टर (ठरलेल्या आकड्यावरचा आवाज अडवणारा) १२० वर ठेवावा. त्याचा ८० हर्ट्झच्या क्रॉसओव्हरशी संबंध नाही.

टॉवर स्पीकर उंच आहेत म्हणून त्यांना रिसीव्हरमध्ये ‘लार्ज’ ठेवणे, म्हणजे खर्जही त्यांच्याकडेच देणे, हा हट्ट मी सोडायला लावतो. स्वयंचलित कॅलिब्रेशननेही तसे ठरवले असेल, तर मी हाताने ‘स्मॉल’ आणि ८० हर्ट्झ करतो, कारण त्या खालचा भार सबवूफरने उचलला की टॉवर मोकळेपणाने वाजतात. लहान सॅटेलाइट स्पीकरना १०० किंवा १२० द्यावे. रिसीव्हरने शोधलेला आकडा वाढवण्यास हरकत नाही, खाली मात्र आणू नये.

कॅलिब्रेशनचा माइक सोफ्याच्या पाठीवर टेकवू नये; ट्रायपॉडवर, कानाच्या उंचीवर ठेवावा. पंखा, एसी आणि रस्त्याकडची खिडकी बंद करावी. रिसीव्हर माइक ठेवायला सांगतो त्यांपैकी पहिल्या तीन जागा मोजून उरलेल्या गाळणाऱ्यांनी नंतर नवा सबवूफर घेण्याचा विचार करू नये. आधी राहिलेल्या जागा मोजाव्यात. रिसीव्हरने सबवूफरचे अंतर प्रत्यक्षापेक्षा जास्त दाखवले तर ते टेपने मोजून ‘दुरुस्त’ करू नये, कारण त्यात सबवूफरच्या आतील विलंबही धरलेला असतो. कॅलिब्रेशननंतर सबवूफरची पातळी उणे १२ डेसिबलसारख्या टोकाला गेली असेल, तर त्याच्या मागचा गेन (आवाजाचा नॉब) कमी करून पुन्हा मोजावे.

पातळी हाताने तपासायची असेल तर आवाज मोजणारे मीटर ‘सी-वेटिंग’ आणि ‘स्लो’ या सेटिंगवर ठेवून, रिसीव्हरच्या टेस्ट टोनवर प्रत्येक स्पीकर ७५ डेसिबलला आणावा. मोबाइलच्या ॲपवर सबवूफर ठरवू नये, कारण खालच्या पट्टीत फोनच्या माइकचा भरवसा नसतो. सारे जुळल्यावर प्रत्येक स्पीकरची पातळी, अंतर आणि क्रॉसओव्हर कागदावर लिहून तो कागद टीव्ही युनिटच्या आत चिकटवावा, म्हणजे रिसीव्हर रीसेट करावा लागला तरी आकडे हाताशी राहतात.