ठाण्यात विकास आराखड्यावर हरकत नोंदवताना

ठाणे स्टेशनच्या पश्चिमेला नौपाडा, राम मारुती रोड, जांभळी नाका, खारकर आळी या पट्ट्यात जुन्या इमारती एकामागून एक पुनर्विकासाला निघाल्या आहेत. त्याच वेळी विकास आराखड्यात, म्हणजे शहरात कुठे रस्ता, मैदान, शाळा व्हायची हे ठरवणाऱ्या कागदावर, रस्ते रुंद होत आहेत, आरक्षणं (अशा कामांसाठी राखून ठेवलेल्या जागा) हलत आहेत. वर्तमानपत्रात बारीक टायपात जाहीर सूचना येते, मुदत उलटते आणि मग सोसायटीच्या सभेत कुणीतरी विचारतं, 'आपली पुढची पाच फूट जागा जाणार म्हणे, खरं का?' तोपर्यंत लेखी बोलण्याची वेळ निघून गेलेली असते. हे टाळता येतं. त्यासाठी वकील लागतोच असं नाही, पण कागद नेमका लागतो.

हरकत म्हणजे निषेधाचं पत्र नव्हे. एका ठराविक जागेबद्दल, कारण देऊन, पर्याय सुचवून केलेली ती मागणी असते. 'आमचा या आराखड्याला तीव्र विरोध आहे' एवढंच लिहिलेल्या अर्जावर हरकती ऐकणारी नियोजन समिती फार तर 'नोंद घेतली' असा शेरा मारू शकते, कारण त्यात बदलण्यासारखं काही सांगितलेलंच नसतं.

नोटीस कोणत्या कलमाची?

सगळ्यात जास्त घोळ इथे होतो. जाहीर सूचनेत कलम छापलेलं असतं. ते आधी वाचा, कारण मुदत आणि पत्ता दोन्ही त्यावर ठरतात.

महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम १९६६ च्या कलम २६ खाली येते ती संपूर्ण प्रारूप (मंजुरीआधीची, कच्ची) विकास योजना, म्हणजेच विकास आराखडा. ठाण्याची आधीची योजना १९९९ मध्ये मंजूर झाली आणि सुधारित प्रारूप ऑक्टोबर २०२४ मध्ये प्रसिद्ध झालं. कलम २६ मध्ये हरकतीसाठी ३० दिवस असतात आणि ते राजपत्रातल्या सूचनेपासून मोजायचे, आपल्या हातात पेपर पडला त्या दिवसापासून नाही. मुदतवाढ मिळेल या भरवशावर राहू नका.

कलम ३७ म्हणजे मंजूर योजनेत किरकोळ फेरबदल: एखाद्या भूखंडाचं आरक्षण उठवणं, एखादा रस्ता सरकवणं. इथे एक महिना मिळतो. पण ३७ च्या आत पोटकलमं आहेत. महापालिकेने स्वतः काढलेली सूचना असेल तर अर्ज महापालिकेत जातो. ३७ (१कक) खाली राज्य सरकारने सूचना काढली असेल तर हरकती बहुधा सहसंचालक, नगररचना, कोकण विभाग यांच्याकडे, म्हणजे बेलापूरच्या कोकण भवनात मागवलेल्या असतात. पाचपाखाडीला महापालिका भवनात दिलेला अर्ज आपोआप तिकडे पोचेल असं समजू नका. सूचनेत छापलेला पत्ताच खरा.

तिसरा प्रकार लोकांच्या नजरेतून हमखास सुटतो: महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २१० खालची रस्त्याची नियमित रेषा, म्हणजे रस्ता कुठवर येणार ती ठरवलेली हद्द. सहा मीटरची गल्ली नऊ मीटर करण्याचे प्रस्ताव अनेकदा याच वाटेने येतात. ज्या सभेत निर्णय होणार तिच्या किमान एक महिना आधी जाहीर सूचना द्यावी लागते आणि त्या रस्त्यावरही सूचना लावावी लागते. लेखी हरकत सभेच्या किमान पूर्ण तीन दिवस आधी महापालिका सचिवांच्या कार्यालयात पोचली पाहिजे. शहर विकास विभागात दिलेली प्रत पुरेशी धरू नका, सचिव कार्यालयाची पोच वेगळी घ्या.

सहाची नऊ झाली की काय होतं

राज्याच्या २०२० च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत किती बांधता येईल हे समोरच्या रस्त्याच्या रुंदीवर अवलंबून आहे. दाटवस्तीबाहेरच्या (योजनेत दाट वस्ती म्हणून आखलेला जुना भाग सोडून) भागात नऊ मीटरपेक्षा अरुंद रस्त्यावर मूळ चटईक्षेत्र निर्देशांक (एफएसआय, म्हणजे भूखंडाच्या किती पट बांधता येईल ते प्रमाण) १.१ एवढाच, वर अधिमूल्य (जादा शुल्क) भरून किंवा टीडीआर (सार्वजनिक कामासाठी दिलेल्या जागेच्या बदल्यात मिळणारा, दुसरीकडे वापरता येणारा बांधकामाचा हक्क) आणून काही चढवता येत नाही. रस्ता नऊ मीटरचा झाला की ०.५० अधिमूल्याचा आणि ०.४० टीडीआरचा मिळून हा निर्देशांक २ पर्यंत जातो. म्हणून गल्ली रुंद होण्यात पुनर्विकासाला निघालेल्या सोसायटीचा फायदा असतो आणि ज्या शेजारी इमारतीला इतक्यात पाडायचं नाही तिचा तोटा होऊ शकतो. दोघांची हरकत एकसारखी असणार नाही. तुम्ही कुणाच्या बाजूचे आहात हे अर्ज लिहिण्याआधी सोसायटीत ठरवून घ्या. तुमचा भूखंड दाटवस्तीच्या रेषेत येतो की बाहेर, तेही तपासा. दाटवस्तीचे तक्ते वेगळे आहेत.

हिशेब साधा आहे. सहाची नऊ म्हणजे तीन मीटर वाढ. दोन्ही बाजूंनी सारखी घेतली तर प्रत्येकाचे दीड मीटर. भूखंडाची रस्त्याकडची लांबी २० मीटर असेल तर ३० चौरस मीटर जागा जाते; ४०० चौरस मीटरच्या भूखंडात हे साडेसात टक्के झाले. मोबदला टीडीआर, एफएसआय किंवा पैशात मिळतो, पण इमारत उभी ठेवायची असेल तर टीडीआरने पुढचं अंगण परत येत नाही. तळमजल्यावर दुकानं असतील आणि भिंत आजच हद्दीपासून दीड मीटरवर असेल, तर नवा रस्ता थेट शटरला टेकतो. अर्जात हेच लिहायचं, याच आकड्यांनी.

आणखी एक बघा: वाढ दोन्ही बाजूंनी सारखी आहे का? नकाशात रस्ता एका बाजूला कलला असेल तर 'मध्यरेषा कायम ठेवून दोन्ही बाजूंना समान रुंदीकरण करावे' ही मागणी रास्त आहे आणि समितीला मान्य करायलाही सोपी.

नकाशा आणि जागेची मोजणी

प्रारूप नकाशे महापालिकेत पाहायला ठेवलेले असतात आणि संकेतस्थळावरही टाकले जातात. ठाण्याची योजना सेक्टरनिहाय आहे, तेव्हा आधी आपलं सेक्टर शोधा. नकाशातले रंग अंदाजाने वाचू नका, कोपऱ्यातली संकेतसूची बघा. प्रत्येक आरक्षणाला क्रमांक असतो, तो लिहून घ्या.

मोबाईलवर नकाशा मोठा करून 'आमची भिंत रेषेत येते' असं सांगणं धोक्याचं आहे. १:५००० च्या नकाशात एक मिलिमीटर म्हणजे जागेवर पाच मीटर. रस्त्याची छापलेली रेषाच कधी कधी तेवढी जाड असते, म्हणजे तुमचा दीड मीटरचा प्रश्न त्या शाईतच बुडून जातो. म्हणून शहर विकास विभागाकडून आपल्या भूखंडाचा भाग नकाशा (योजनेच्या नकाशातला तेवढाच तुकडा) आणि झोन दाखला (भूखंड कोणत्या वापराच्या विभागात येतो त्याचा दाखला) शुल्क भरून घ्या.

जागेवर टेप घेऊन रस्ता मोजा. कुंपणभिंत ते समोरची कुंपणभिंत, गटार आणि पदपथ धरून, किमान तीन ठिकाणी: दोन्ही तोंडांना आणि सगळ्यात चिंचोळ्या जागी. नौपाड्यातल्या कित्येक गल्ल्या एका तोंडाला सात मीटर आणि मध्ये साडेपाच अशा असू शकतात. कागदावर मात्र सरसकट 'सहा' लिहिलेलं असतं. प्रत्येक मापाच्या जागी टेप दिसेल असा फोटो काढा. ओटा, जनरेटर, रोहित्र, मोठं झाड, जुनी विहीर यांच्या जागा हाताने काढलेल्या साध्या नकाशात दाखवा. असा कागद समितीपुढे लांबलचक निवेदनापेक्षा जास्त बोलतो.

मालकीच्या कागदात जुन्या ठाण्यासाठी मिळकत पत्रिका लागते आणि तिच्यावर नगर भूमापन क्रमांकाबरोबर टिक्का (भूमापनातला विभाग) क्रमांकही असतो. टिक्का लिहायचा राहिला तर नुसत्या भूमापन क्रमांकावरून जागा सापडत नाही, आणि ही चूक वारंवार होते. शहराच्या बाहेरच्या अंगाला सातबारा असेल तर गाव, सर्व्हे आणि हिस्सा क्रमांक लिहा. सरकारी मोजणी ३० दिवसांत होऊन येण्याची शक्यता कमी. मोजणीचा अर्ज करून त्याची पोच हरकतीला जोडा आणि नकाशा सुनावणीच्या वेळी सादर करू असं लिहून ठेवा.

भाडेकरू आणि दुकानदारांनी मागे राहू नये. हरकत घ्यायला मालकच असावं लागतं असं कायदा म्हणत नाही. पागडीच्या चाळीतल्या कुटुंबाने भाडेपावती, दुकानदाराने गुमास्ता परवाना जोडला की संबंध दिसतो. फेरीवाल्यांचा मुद्दा असेल तर २०१४ च्या पथविक्रेता कायद्याखालच्या नगर पथविक्रेता समितीकडेही वेगळा अर्ज हवा. विकास आराखड्याची समिती कुणाला कुठे बसवायचं हे ठरवत नाही.

अर्जाचा मजकूर

एका अर्जात एकच जागा. रस्ता, उद्यान आणि मंडई अशा तीन तक्रारी असतील तर तीन अर्ज द्या, नाहीतर एका मुद्द्यावर शेरा पडतो आणि बाकीचे दोन हरवतात. विषयात कलम, सूचनेची तारीख, सेक्टर, आरक्षण किंवा रस्त्याचा क्रमांक, टिक्का व नगर भूमापन क्रमांक. मग मजकूर असा काहीसा:

'सदर रस्ता प्रारूप नकाशात ९ मीटर दाखवला आहे. प्रत्यक्षात त्याची रुंदी पूर्व टोकाला ६.८, मध्यभागी ५.४ आणि पश्चिम टोकाला ६.१ मीटर आहे. प्रस्तावित वाढ केवळ उत्तरेकडून घेतल्याने आमच्या भूखंडातील सुमारे ६० चौ. मी. जागा बाधित होते व दोन्ही जिन्यांपुढे अग्निशमन वाहनास वाव राहत नाही. सबब मध्यरेषा कायम ठेवून दोन्ही बाजूंनी समान रुंदीकरण करावे. सोबत मापांचा नकाशा व छायाचित्रे जोडली आहेत. सुनावणीची संधी मिळावी.'

शेवटचं वाक्य विसरू नका. कलम २८ नुसार नियोजन समिती ज्यांना ऐकते ते मुदतीत लेखी हरकत किंवा सूचना दिलेले लोक. ज्याने लिहिलं नाही त्याला बोलण्याचा हक्क मागता येत नाही.

आरक्षण वाचवायचं किंवा वाढवायचं असेल तर विकास योजनेचा अहवाल वाचा. नकाशा सगळे पाहतात, अहवाल फार थोडे उघडतात. त्यात लोकसंख्येचा अंदाज आणि मैदानं, शाळा, मंडई, वाहनतळ यांची किती गरज आहे हे असतं. 'अहवालातच या सेक्टरमध्ये खेळाच्या मैदानाची तूट दाखवली असताना हे आरक्षण का वगळले?' हा प्रश्न टाळणं कठीण असतं. स्टेशनजवळ तर हा मुद्दा फार महत्त्वाचा, कारण इथे मोकळी जागा एकदा गेली की बदली जागा मिळत नाही. गावदेवी मैदानाखाली भूमिगत वाहनतळ झाला, तेव्हा एकाच जागेवर दोन गरजांचा दावा कसा येतो हे ठाणेकरांनी पाहिलं आहे. मैदानाच्या आरक्षणात दुसरा वापर सुचवलेला दिसला तर वर किती क्षेत्र मोकळं राहणार, वाहनांचे उतार कुठून येणार आणि झाडांसाठी किती खोल माती राहणार, हे विचारा.

ज्यांच्या भूखंडावर आरक्षण पडून आहे त्यांच्यासाठी कलम १२७ आहे. योजना अमलात आल्यापासून १० वर्षांत संपादन झालं नाही तर खरेदी सूचना ('जागा घ्या, नाहीतर सोडा' अशी नोटीस) देता येते आणि त्यानंतर २४ महिन्यांत संपादनाची पावलं उचलली नाहीत तर आरक्षण व्यपगत होतं, म्हणजे आपोआप उठतं. सूचनेबरोबर मालकीचे कागद जोडले नाहीत तर मुदतीवरूनच वाद निघतो, आणि इथे मात्र वकील घ्यावा.

दाखल करणं, सुनावणी आणि पुढे

अर्जाच्या दोन प्रती काढा, एकीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घ्या. सोसायटीचा असेल तर ठरावाची प्रत आणि सही करणाऱ्याचं अधिकारपत्र लागतं. शेवटच्या दिवशी रांग असते, चार दिवस आधी जा.

एकाच मजकुरावर शेकडो सह्या घेऊन अर्ज देण्याची पद्धत आहे. त्याने दबाव दिसतो हे खरं, पण असे अर्ज एकत्र करून एकच सुनावणी दिली जाते. प्रत्येक इमारतीने आपली मापं टाकून वेगळा अर्ज दिला तर वजन जास्त पडतं.

नियोजन समितीत स्थायी समितीचे तीन सदस्य आणि शासनाने नेमलेले जास्तीत जास्त चार तज्ज्ञ असतात. बोलायला काही मिनिटंच मिळतात. नकाशा समोर ठेवा, बोट ठेवून जागा दाखवा, मागणी सांगा. लेखी म्हणणं पुन्हा द्या आणि त्याचीही पोच घ्या. राजकारणावर किंवा अधिकाऱ्यांच्या हेतूंवर बोलण्यात ती मिनिटं घालवू नका.

काय निर्णय झाला ते कळवलं जाईल म्हणून थांबू नका. माहिती अधिकारात आपल्या हरकतीवरचा समितीचा अभिप्राय मागा: १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एकच विषय, दीडशे शब्दांच्या आत. ३० दिवसांत उत्तर आलं नाही तर २० रुपयांचा स्टॅम्प लावून पहिलं अपील.

मग योजना शासनाकडे जाते आणि कलम ३१ खाली मंजूर होताना काही भाग वगळून त्यात मोठे बदल सुचवले जाऊ शकतात. त्या बदलांवर नव्याने हरकती मागवल्या जातात. आधी मान्य झालेली तुमची सूचना या टप्प्यावर उलटूही शकते, तेव्हा राजपत्र आणि त्याबरोबरची परिशिष्टं आपल्या आरक्षण क्रमांकाने शोधा आणि शिक्का मारलेली पहिली प्रत हाताशी ठेवा. मंजुरीनंतर रस्त्यासाठी अंदाजपत्रकात लेखाशीर्ष आणि तरतूद आली का, हे दरवर्षी पाहावं लागतं. तरतूद नसेल तर नकाशावरची रेषा वर्षानुवर्षं तशीच राहते, आणि तोवर तुमच्या इमारतीच्या प्रत्येक परवानगीत मात्र ती मोजली जाते.