रोम एका दिवसात पायी बघताय? या चुका टाळा

युरोपच्या ग्रुप टूरमध्ये रोमला अनेकदा एकच मोकळा दिवस मिळतो. आदल्या रात्री हॉटेलात नकाशा उघडला जातो, कोलोसियम, फोरम, पँथिऑन, ट्रेवी कारंजं, स्पॅनिश स्टेप्स, व्हॅटिकन अशी यादी होते आणि कुणीतरी म्हणतं, "अहो, सगळं जवळजवळच तर आहे!" ते खरंच आहे. कोलोसियमपासून व्हॅटिकनमधल्या सेंट पीटरच्या चौकापर्यंतचं अंतर साडेतीन किलोमीटरच्या आसपास भरतं. रोज पर्वती चढणाऱ्या आजोबांना त्याचं काहीच वाटणार नाही. पण रोममध्ये माणूस चालून कमी आणि उभं राहून जास्त दमतो. तिकिटाची रांग, बॅगा तपासण्याची रांग, मग आत मान वर करून छताकडे बघत उभं राहणं. म्हणून दिवस आखताना किलोमीटर मोजू नका, रांगा मोजा.

कोलोसियम आणि व्हॅटिकन म्युझियम एकाच दिवशी

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. दोन्हीकडे वेळ ठरवून तिकीट काढावं लागतं, दोन्हीकडे तपासणी असते आणि एकेका ठिकाणी तीन तास सहज जातात. त्यातलं एकच निवडा. दिवस एकच असेल तर मी कोलोसियमच्या बाजूने, कारण तिथून पुढचं बरंचसं रोम रस्त्यावरच आणि फुकट बघायला मिळतं.

कोलोसियमचं तिकीट नावावर असतं. दारात पासपोर्ट किंवा दुसरं ओळखपत्र मागतात, त्यामुळे "काकांचं तिकीट मी वापरतो" चालत नाही. मोठी सॅक आणि काचेची बाटली आत नेता येत नाही. तिकिटावरची वेळ फक्त कोलोसियमपुरती असते. त्याच तिकिटात फोरम, म्हणजे प्राचीन रोमच्या मुख्य चौकाचे अवशेष, आणि शेजारची पॅलाटाइन टेकडीही येते, तिथे मात्र एकदाच आत जाता येतं. पाणी प्यायला म्हणून बाहेर पडलात की संपलं. जून ते ऑगस्टमध्ये फोरममध्ये भर दुपारी फिरू नका. दोन हजार वर्षांचे खांब आहेत, पण त्यांच्यावर छप्पर नाही. सकाळी साडेआठचं तिकीट घ्या आणि ऊन चढायच्या आत फोरम उरका.

व्हॅटिकनला जाणाऱ्यांची वेगळीच फजिती होते. सेंट पीटर चर्च आणि व्हॅटिकन म्युझियम यांची प्रवेशद्वारं वेगवेगळी आहेत. म्युझियमचं तिकीट हातात असताना लोक चौकातल्या चर्चच्या रांगेत उभे राहतात. म्युझियमचं दार उत्तरेला आहे, तटाच्या भिंतीला वळसा घालून पंधरा-वीस मिनिटं चालावं लागतं. सिस्टिन चॅपलही म्युझियममधूनच बघता येतं. महिन्यातला शेवटचा रविवार सोडला तर म्युझियम रविवारी बंद असतं, आणि तो शेवटचा रविवार फुकट असल्यामुळे गर्दीचा. बुधवारी सकाळी चौकात पोप यांची सभा असली की चर्च दुपारपर्यंत बंद राहू शकतं.

दुपारी बारानंतर चर्चकडे निघणं

रोममधली कितीतरी छोटी चर्चेस दुपारी दोन-तीन तास बंद होतात. पियात्सा नाव्होना या चौकाजवळच्या सान लुइजी देई फ्रान्चेझी चर्चमध्ये काराव्हाज्जोची संत मॅथ्यूवरची तीन चित्रं आहेत, तीही फुकट, पण भर दुपारी गेलात तर बंद दार बघाल. कोलोसियमजवळच्या सान पिएत्रो इन व्हिन्कोली चर्चमध्ये मायकेलँजेलोने घडवलेला मोझेसचा पुतळा आहे. ते साडेबाराला बंद होऊन तीनला उघडतं. पँथिऑन हे जुनं रोमन देऊळ, आता चर्च, दुपारीही उघडं असतं, म्हणून ते या मधल्या वेळेत ठेवा. त्याला जुलै २०२३पासून तिकीट आहे, सुरुवातीला ते पाच युरोचं होतं. पाऊस आला तर तिथून पळू नका, उलट तेव्हाच जा. घुमटाच्या माथ्यावरच्या उघड्या गोलातून पाऊस थेट आत पडतो आणि फरशीतल्या भोकांतून वाहून जातो.

हाफ पँट आणि बिनबाह्यांचा टॉप घालून सेंट पीटरमध्ये सोडत नाहीत, गुडघे आणि खांदे झाकलेले हवेत. एक ओढणी पिशवीत ठेवली की काम भागतं.

नवे बूट, विकतचं पाणी

जुन्या रोमच्या रस्त्यांवर काळ्या दगडाचे छोटे चौकोनी ठोकळे बसवलेले आहेत. दिसायला सुंदर, पण खालीवर झालेले आणि पावसात निसरडे. टूरसाठी खास घेतलेले कोरे बूट इथे पहिल्यांदा घालू नका, आणि पातळ तळाच्या चपलाही नकोत. टाचेला फोड आलाच तर हिरवा क्रॉस दिसेल ते औषधाचं दुकान, तिथे फोडावर लावायच्या पट्ट्या मिळतात.

पाण्याची बाटली मात्र दर चौकात विकत घ्यायची गरज नाही. शहरात अडीच हजारांच्या आसपास ओतीव लोखंडाचे सार्वजनिक नळ आहेत, १८७४पासूनचे. चोवीस तास गार, पिण्याजोगं पाणी वाहत असतं. तोटीचं तोंड बोटाने दाबलं की वरच्या भोकातून धार उडते आणि न वाकता पिता येतं. पोरांना हे कोलोसियमपेक्षा जास्त आवडतं.

स्पॅनिश स्टेप्सवर बसून चिवडा काढायचा बेत असेल तर सोडून द्या. २०१९पासून त्या पायऱ्यांवर नुसतं बसायलाही बंदी आहे आणि दंड ४०० युरोपर्यंत जाऊ शकतो.

शाकाहारी मंडळींसाठी

आमात्रिचाना पास्ता नुसता टोमॅटोचा वाटतो, पण त्यात डुकराच्या गालाचं मांस असतं. सुप्ली म्हणजे भाताचे तळलेले गोळे, त्यात पारंपरिक पद्धतीने खिमा घालतात. काचो ए पेपे म्हणजे चीज-मिरी, पण पेकोरिनो रोमानो चीज कोकराच्या रेनेटने, म्हणजे त्याच्या पोटातल्या दूध फाडणाऱ्या द्रव्याने बनवतात, ते कटाक्षाने टाळणाऱ्यांनी पास्ता अल पोमोदोरो, म्हणजे टोमॅटोचा पास्ता मागावा. मारिनारा पिझ्झ्यात चीज नसतं, लसूण असतो. "मांस नको" एवढ्यावर थांबू नका, हॅम घालून आणलं जाऊ शकतं. "सोनो वेजेतारियानो" म्हणा, बाईने "वेजेतारियाना". पळत्या दिवसाला सगळ्यात सोयीचा म्हणजे वजनावर मिळणारा, कात्रीने कापून देणारा पिझ्झा. बटाट्याचा सुरेख लागतो. कॉफी काउंटरवर उभ्याने प्यावी, टेबलावर बसलं की तिचाच भाव वाढतो. बऱ्याच रेस्टॉरंटांची स्वयंपाकघरं दुपारी तीन ते सात बंद असतात, त्यामुळे जेवायला चारला निघू नका.

पाय बोलायला लागले की

पँथिऑन-नाव्होनाच्या भागात मेट्रो नाही, बसच धरावी लागते. बँकेचं कार्ड टॅप करून बसता येतं, पण प्रत्येकाचं कार्ड वेगळं हवं. एका कार्डावर चौघे चालत नाहीत. तेर्मिनी स्टेशनहून व्हॅटिकनकडे जाणारी ६४ नंबरची बस पाकीटमारांसाठी प्रसिद्ध आहे. तिच्यात सॅक पुढे, पोटावर घ्या. रस्त्यात कुणी प्रेमाने मनगटावर दोरा बांधू लागला किंवा हातात गुलाब कोंबला तर हात मागे घ्या, पैसे नंतर मागतात. ग्लॅडिएटरच्या वेषातल्या गड्यांबरोबरचा फोटोही फुकट नसतो.

पासपोर्टचा फोटो फोनमध्ये आणि घरच्या कुणाकडे तरी असू द्या. पासपोर्ट गेलाच तर आधी पोलिसांत तक्रार, तिची लेखी प्रत घ्यायची, मग भारतीय दूतावास, व्हिया व्हेन्ती सेत्तेम्ब्रे ५. तेर्मिनीपासून चालत जाता येतं. तातडीची मदत ११२ वर.