बाळाला शेंगदाणा, अंडं सुरू करताना या चुका टाळा

‘दात येईपर्यंत शेंगदाणा नको, अंडं वर्षानंतर’ असं कोल्हापुरात आजही घरोघरी सांगतात. पूर्वी डॉक्टरही थांबा म्हणत. २०१५ च्या लंडनमधल्या ‘लीप’ अभ्यासात चित्र उलटं दिसलं. जास्त धोका असलेल्या ज्या बाळांना ४ ते ११ महिन्यांत शेंगदाणा सुरू केला, त्यांच्यात पाचव्या वर्षी त्याची अ‍ॅलर्जी सुमारे ८० टक्क्यांनी कमी आढळली.

बाळाला तीव्र एक्झिमा (कातडी कोरडी, लाल, खाजरी होण्याचा आजार) किंवा अंड्याची अ‍ॅलर्जी असेल, तर आधी बालरोगतज्ज्ञांना विचारा. बाकीच्यांनी सहाव्या महिन्यात नाचणीची पेज जमू लागली की कूट द्यावा. भाजून सोललेले १० दाणे मिक्सरला पिठासारखे बारीक करा (साधारण अडीच चहाचे चमचे) आणि पेजेत सैल कालवा. भाजीतला जाडसर कूट चालणार नाही. आधी चमच्याच्या टोकाएवढं चाटवा, १० मिनिटं थांबा, मग उरलेलं सावकाश. दोन तास लक्ष हवं, म्हणून सकाळीच द्या. सोसलं तर आठवड्यातून तीनदा; एकदा देऊन महिनाभर विसरलात तर उपयोग नाही. अख्खा दाणा मात्र पाच वर्षांपर्यंत नको, श्वासनलिकेत अडकतो.

उष्टावणानंतर कौतुकानं पांढरा रस्सा चाटवतात. त्यात काजू, तीळ, खसखस, खोबरं सगळं एकत्र. अंगावर गांधी उठल्या तर दोष कुणाला देणार? नवा पदार्थ एका वेळी एकच. अंडं पूर्ण उकडलेलं द्या.

सगळ्यात दुर्लक्षित चूक न्हाणीघरात होते. कोरड्या, खाजऱ्या कातडीवर डाळीचं पीठ, साय चोळली जाते. फुटलेल्या कातडीतून अन्न आत शिरलं की शरीर त्याला परकं धरतं. तेच पोटातून आलं तर बहुधा चालवून घेतं. तेव्हा पीठ डब्यातच राहू द्या, साधं मॉइश्चरायझर लावा. कूट केलेला हात धुतल्याशिवाय बाळाला घेऊ नका.

टोमॅटो किंवा संत्र्यानं फक्त तोंडाभोवती लाली आली, तर ती बहुधा आंबटपणाची जळजळ असते. पण खाल्ल्यावर श्वासाची घरघर, आवाज बसणं, जीभ सुजणं किंवा बाळ मलूल पडणं दिसलं, तर अ‍ॅलर्जीचं सिरप पाजत बसू नका. लगेच १०८ ला फोन करा. तिथं उपचार अ‍ॅड्रेनालिनच्या इंजेक्शनचाच.