‘किती वाजता कळलं?’ : फायनान्समध्ये नव्याने येणाऱ्यांसाठी

दरवर्षी जून-जुलैमध्ये आमच्या ऐरोलीच्या ऑफिसात नवी मुलं रुजू होतात. बहुतेक कळवा, ठाणे, डोंबिवली, कोपरखैरणेकडची. बी.कॉम. नाहीतर बी.ए.एफ. झालेली, आणि मोबाईलमध्ये मोठमोठ्या गुंतवणूकदारांची वाक्यं साठवलेली. त्यांना मी सांगते की या माणसांकडून शिकायचं असेल तर त्यांच्या श्रीमंतीचा भाग तूर्त बाजूला ठेवा. कोणता शेअर घ्यायचा हे पहिल्या पाच वर्षांत तुम्हाला कोणी विचारणार नाही. ही माणसं चुकली तेव्हा त्यांनी काय केलं, आणि त्यांना कोणी ओळखत नव्हतं तेव्हा त्यांचे दिवस कसे जात होते, ते वाचा. मी ते उशिरा वाचलं. आधी चूक केली, मग वाचलं.

गोष्ट २०११ ची. नोकरीला सात महिने झाले होते. माझं काम म्युच्युअल फंडाच्या योजनांची एनएव्ही, म्हणजे एका युनिटची त्या दिवसाची किंमत, काढायचं. साडेतीनला बाजार बंद झाला की भाव यायचे, दिवसाचे सौदे चढवायचे, खर्च लावायचा आणि रात्री ९ च्या आत आकडा ॲम्फीच्या, म्हणजे फंड कंपन्यांच्या संघटनेच्या, साइटवर गेलाच पाहिजे असा तेव्हा नियम होता. मी मेकर, म्हणजे एंट्री करणारी. ती तपासून पुढे सोडणारा तो चेकर.

एका कंपनीने एकास एक बोनस, म्हणजे हातातल्या प्रत्येक शेअरमागे एक शेअर फुकट, जाहीर केला होता. बोनसला दोन तारखा असतात. रेकॉर्ड डेटला कंपनी भागधारकांची यादी पक्की करते. एक्स-डेटपासून बाजारातला भाव बोनस वजा करून चालतो. तेव्हा सौदा टी+२ ला, म्हणजे सौद्यानंतर कामाच्या दुसऱ्या दिवशी, पुरा व्हायचा, म्हणून एक्स-डेट एक दिवस आधी यायची. (२०२३ पासून आपल्याकडे सगळ्या शेअरना टी+१ आहे, आता बहुतेक वेळा दोन्ही तारखा एकच असतात.) मी एक्स-डेटच्या रकान्यात रेकॉर्ड डेट टाकली, आणि ती चेकरच्याही नजरेतून सुटली. झालं असं की शेअरचा भाव निम्मा झाला, पण बोनसचे शेअर आमच्याकडे चढलेच नाहीत. फंडात त्या शेअरचा वाटा सुमारे ४ टक्के होता. म्हणजे एनएव्ही काही कारण नसताना २ टक्क्यांनी खाली.

६:२० ला हे माझ्या लक्षात आलं. निर्देशांक वर आणि आमची योजना खाली. कंपनीची सूचना उघडली, तारीख दिसली आणि हातपाय गार पडले. पण मी जागची उठले नाही. वाटलं, गुपचूप दुरुस्त करू. पण एंट्री उलटवायलाही चेकर लागत होता. पाण्याची बाटली भरून आणली. पुन्हा तीच सूचना वाचली. ७ वाजता टीम लीड मॅडमपाशी जाऊन सांगितलं.

कसं झालं, असं त्यांनी विचारलं नाही.

“किती वाजता कळलं?”

“सहा वीसला, मॅडम.”

“मग चाळीस मिनिटं कुठे होतीस?”

दुरुस्तीचं काम पंधरा मिनिटांचं होतं. पण तोच शेअर आणखी तीन योजनांत होता, त्या सगळ्या पुन्हा चालवाव्या लागल्या. शेवटचा आकडा ८:५२ ला गेला. मॅडम एका शब्दाने ओरडल्या नाहीत. घरी जाताना मात्र म्हणाल्या, “चूक तुझी एकटीची असते, बाळा. लपवलेली चूक सगळ्या टीमची होते.”

काही वर्षांनी सॉलोमन ब्रदर्सची हकिकत वाचली आणि मॅडमचा प्रश्न मला तिथे पुन्हा भेटला. वॉल स्ट्रीटवरची बाँडच्या व्यवहारातली ही बडी कंपनी. अमेरिकी सरकारच्या रोख्यांच्या लिलावात एका कंपनीला ३५ टक्क्यांपेक्षा जास्त बोली लावता येत नव्हती. सॉलोमनच्या एका ट्रेडरने ग्राहकांच्या नावाने खोट्या बोली लावल्या. एप्रिल १९९१ मध्ये हे वरच्या साहेबांना कळलं. सरकारला कळवायला हवं यावर त्यांचं एकमतही झालं. कळवलं मात्र ऑगस्टमध्ये. कंपनी बुडायच्या कडेला आली ती त्या ट्रेडरइतकीच मधल्या महिन्यांमुळे. अध्यक्षांना जावं लागलं. अमेरिकी गुंतवणूकदार वॉरन बफे यांच्या बर्कशायर या कंपनीने तिथे ७० कोटी डॉलर गुंतवले होते, म्हणून ते स्वतः हंगामी अध्यक्ष झाले. त्यांनी अधिकाऱ्यांना पत्र लिहून घरचा फोन नंबर दिला आणि गैरव्यवहार दिसला तर थेट कळवायला सांगितलं. शेवटी कंपनीने २९ कोटी डॉलर भरले. कंपनीचे पैसे घालवलेत तर समजून घेईन, नाव घालवलंत तर गय करणार नाही, हे बफे यांचं म्हणणं याच प्रकरणातलं आहे. ते सगळे एकमेकांना पाठवतात. एप्रिल ते ऑगस्टचा हिशेब कोणी पाठवत नाही, आणि आपल्या कामाचा तोच आहे.

म्हणून पहिल्या दिवसापासून एक वही करा. त्यात दोन रकाने: ‘कळलं’ आणि ‘सांगितलं’. दोन्हीकडे वेळ लिहायची. माझ्या टीममध्ये हे सगळे करतात.

दुसरे अमेरिकी गुंतवणूकदार रे डॅलिओ, त्यांचं उदाहरण वेगळं आहे. १९८२ मध्ये मेक्सिकोने कर्ज थकवलं. हे होणार, असं डॅलिओ आधीपासून सांगत होते आणि ते खरं ठरलं. त्या जोरावर त्यांनी महामंदी येणार असंही ठामपणे सांगितलं, आणि बाजार त्याच ऑगस्टपासून वर निघाला. त्यांना आपल्या कंपनीतली सगळी माणसं कमी करावी लागली. घरखर्चाला वडिलांकडून ४,००० डॉलर उसने घ्यावे लागले. त्यानंतर त्यांनी आपलं म्हणणं खोडून काढणारी हुशार माणसं मुद्दाम शोधायला सुरुवात केली. नव्या मुलांना चेकरचा राग येतो, मलाही यायचा. तुमची चूक बाहेर जायच्या आत पकडायला पगार देऊन बसवलेला माणूस आहे तो. त्याच्याशी भांडू नका, त्याच्याजवळ बसून शिका.

इंग्रजीबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण मराठी माध्यमातून आलेल्यांचं मन तिथेच खचतं. बफे यांना तरुणपणी चारचौघांत बोलायची प्रचंड भीती होती. त्यांनी १०० डॉलर भरून भाषणकलेचा वर्ग लावला. त्यांच्या ऑफिसात कोलंबिया विद्यापीठाची पदवी लावलेली नाही, त्या वर्गाचं प्रमाणपत्र आहे. मी परदेशी क्लायंटच्या कॉलआधी तीन वाक्यं कागदावर लिहायची: काय झालं, आम्ही काय केलं, किती वाजेपर्यंत पुरं होईल. तेवढीच बोलायची. संध्याकाळी मैत्रिणीबरोबर ठाण्याच्या तलावपाळीला फेऱ्या मारत ती मोठ्याने म्हणायची. लोक बघायचे, बघू दिलं. वर्षभरात कागद सुटला.

मुलींसाठी अरुंधती भट्टाचार्य यांचं नाव घेते. १९७७ मध्ये स्टेट बँकेत प्रोबेशनरी ऑफिसर, २०१३ मध्ये त्याच बँकेच्या पहिल्या महिला अध्यक्षा. अध्यक्ष झाल्यावर त्यांनी मुलं किंवा घरातली वडीलधारी माणसं सांभाळायला महिलांना दोन वर्षांपर्यंत रजा घ्यायची सोय केली. छत्तीस वर्षं एका संस्थेत काढायची की नाही हा ज्याचा त्याचा प्रश्न. पण दर दीड वर्षाला दोन हजार रुपयांसाठी ऑफिस बदलणारी मुलं मी बघते, त्यांना एकही काम मुळापासून येत नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं.

एनआयएसएमच्या (सेबीने काढलेल्या प्रशिक्षण संस्थेच्या) परीक्षा द्या, पण कामाला लागेल तीच. फंड विक्रीकडे जायचं असेल तर सीरिज पाच-ए, रिसर्चकडे जायचं असेल तर सीरिज पंधरा. प्रमाणपत्र तीनच वर्षं चालतं, नुसतं जमवून उपयोग नाही.

आणि वाचायचं काय, हे सगळेच विचारतात. बर्कशायरची १९७७ पासूनची वार्षिक पत्रं त्यांच्या साइटवर फुकट आहेत. सुरुवात १९८९ च्या पत्रापासून करा. त्यात बफे यांनी पंचवीस वर्षांतल्या चुका सांगितल्या आहेत, आणि पहिली चूक म्हणजे खुद्द बर्कशायर विकत घेणं. ती मुळात कापड गिरणी होती.

माझे बाबा लोअर परळच्या एका गिरणीत साचेखात्यात होते. १९८२ च्या संपानंतर आम्ही कळव्याला आलो. एका रविवारी मी त्यांना ही गोष्ट सांगितली, तर त्यांनी विचारलं, “मग गिरणीचं काय झालं?” म्हणून १९८५ चं पत्र उघडलं, ज्यात गिरणी बंद केल्याचं लिहिलंय. मी वाचत होते आणि मराठीत सांगत होते. ‘लूम’ला मी माग म्हटलं, ते म्हणाले, “साचा म्हण.” १९८१ मध्ये ५,००० डॉलरला एक असे घेतलेले साचे शेवटी २६ डॉलरला एक असे भंगारात गेले, असं तिथे आहे. बाबांनी तो २६ चा आकडा मला पुन्हा वाचायला लावला.