हत्ती आधी उचलायचा नाही!

नाशिकरोडच्या प्रेसमधून निवृत्त झाल्यापासून नातीला बुद्धिबळाच्या स्पर्धांना नेणं ही माझी ड्यूटी. पहिल्यांदाच लेकराला घेऊन जाणार असाल तर ऐका. ओपनिंग, म्हणजे डावाच्या सुरुवातीच्या चाली, शिकवायला सर आहेत. हात आणि घड्याळ घरी शिकवा.

आमची पहिली स्पर्धा गंगापूर रोडला होती. नात नऊ वर्षांची. तिला कॅसलिंग करायचं होतं, म्हणजे एकाच चालीत राजा दोन घरं हत्तीकडे आणि हत्ती राजाच्या पलीकडे, आणि तिने आधी हत्ती उचलला. समोरच्या मुलाने लगेच हात वर केला. आर्बिटर, म्हणजे पंच, आले, म्हणाले, "बाळा, आता हत्तीच चालवावा लागेल." हत्ती राजाशेजारी जाऊन बसला. एकदा हललेल्या हत्तीशी कॅसलिंग होत नाही, त्यामुळे राजा मध्येच अडकला तो अडकलाच. मी काचेतून बघत होतो, मला काडीचं कळलं नाही.

त्या रात्रीपासून घरी सराव: आधी राजा दोन घरं, मग त्याच हाताने हत्ती, त्याच हाताने घड्याळ दाबायचं. मोहरा तिरका दिसला तर आपल्या पाळीला, 'अ‍ॅडजस्ट' म्हणून मगच हात लावायचा. चाल आधी, ती कागदावर लिहिणं नंतर.

सगळ्यात अवघड म्हणजे हात वर करणं. गरीब स्वभावाची मुलं लाजतात. म्हणून मी मुद्दाम लबाडी करतो. राजाला शह असताना भलतंच प्यादं सरकवतो. तिने वाद न घालता घड्याळ थांबवायचं नि हात वर करायचा. क्लासिकल, म्हणजे जास्त वेळेच्या, डावात समोरच्याच्या पहिल्या अशा नियमबाह्य चालीला आपल्याला दोन मिनिटं जास्त मिळतात, दुसऱ्या अशा चालीला तो डाव हरतो. आता ती मला चहा पितानाही सोडत नाही.

मोबाईल तुमच्याकडे ठेवा, तिच्या बॅगेत नको. स्विस पद्धतीत हरलं तरी पुढची फेरी असतेच, तेव्हा डबा न्या.

हॉलबाहेर पालकांच्या तोंडी विदित गुजराथी. नाशिकचा पोरगा 2013 मध्ये ग्रँडमास्टर झाला, अभिमान आहेच. पण पहिल्या फेरीआधी लेकराच्या कानाशी तो जप नको.

नात बाहेर आली की मी 'काय झालं?' विचारत नाही, पाण्याची बाटली पुढे करतो. परतीच्या बसमध्ये द्वारका यायच्या आत ती आपणहून सगळा डाव सांगते.